मुळांची हाक

(शेतात उभे असलेले पीक आपल्याला दिसते, पण त्याच्या मुळांभोवतीच्या मातीत काय चालते, ते दिसत नाही. मुळे मातीत कोणते पदार्थ सोडतात आणि त्यांचा तेथील सूक्ष्मजीवांवर काय परिणाम होतो, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

थंडीच्या दिवसांत पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालत गेलात, तर तुमचे कपडे ओले होतील. पानांवर दवाचे थेंब असतात. त्यातला एक थेंब बोटावर घेऊन चाखला, तर तो आंबट लागतो. पण दव म्हणजे तर साधे पाणी. त्याला चव कशी आली?

हरभऱ्याच्या पानांवर, खोडावर आणि घाट्यांवर अगदी बारीक केस असतात. त्या केसांतून आंबट द्रव बाहेर पडतो आणि दवात मिसळतो. शेतकरी त्याला 'आंब' म्हणतात. पूर्वी खेड्यापाड्यांत पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ कापड पसरत, ते भिजले की पिळून आंब बाटलीत भरत आणि पोटदुखीवर घरगुती औषध म्हणून ठेवत. या आंबेत मुख्यतः मॅलिक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. सफरचंदाचा आंबटपणाही मॅलिक आम्लामुळेच असतो.

आंब जमिनीच्या वर असते, म्हणून ती आपल्याला कळते. पण हरभऱ्याची मुळेही मातीत आम्ले सोडत असतात. हरभराच काय, ज्वारी, गहू, कापूस, तूर, ऊस अशा सर्वच पिकांची मुळे काही ना काही पदार्थ मातीत सोडतात. उर्दूत आपण ज्याला 'जड' म्हणतो, त्याला मराठीत 'मूळ' म्हणतात. (मराठीत 'जड' म्हणजे वजनदार, तेव्हा या दोन शब्दांत गोंधळ करू नका!) मूळ फक्त पाणी शोषून घेते आणि झाडाला उभे ठेवते, असे आपण समजतो. खरे तर मूळ जसे घेते, तसे देतेही.

मूळ काही देते हे कशावरून? जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी एकोणिसाव्या शतकात एक सोपा प्रयोग केला. गुळगुळीत संगमरवरी फरशीवर मातीचा थर देऊन त्यांनी त्यात बी पेरले. मुळे वाढत वाढत फरशीपर्यंत पोचली आणि तिच्यावर आडवी पसरली. काही दिवसांनी माती बाजूला केली, तेव्हा फरशीवर मुळांच्या वाटा बारीक कोरल्यासारख्या उमटलेल्या होत्या. मुळे नाजूक, तर दगड कठीण. मग दगड कोरला कोणी? मुळांतून बाहेर पडलेल्या आम्लधर्मी पदार्थांनी दगडाचा अगदी पातळ थर विरघळवला होता.

आता मुळे काय काय सोडतात ते पाहू. त्यात निरनिराळ्या प्रकारच्या साखरा असतात. अमिनो आम्ले असतात. मॅलिक, सायट्रिक, ऑक्झॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्ले असतात. मुळाच्या टोकातून एक बुळबुळीत द्रव पाझरतो. त्यामुळे मूळ मातीच्या कणांमधून सहज पुढे सरकते. याशिवाय काही खास पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात बाहेर पडतात. त्यांचे काम काय, ते पुढे येईलच.

हे सर्व पदार्थ झाड तयार कशापासून करते? पाने सूर्यप्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करतात. पानांनी तयार केलेले अन्न एक रुपया मानले, तर त्यातले साधारणपणे ५ ते २० पैसे मुळांवाटे मातीत जातात. पीक कोणते, त्याचे वय किती, जमीन कशी, यांवर हे प्रमाण कमीजास्त होते. स्वतः कष्टाने तयार केलेल्या अन्नातला एवढा वाटा झाड मातीत का टाकते? हे समजण्यासाठी मातीत राहणाऱ्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

माती निर्जीव नसते. एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असू शकतात. शिवाय बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव असतात, ते वेगळेच. पण साध्या मातीत त्यांच्या खाण्याजोगे अन्न फार कमी असते. त्यामुळे त्यांतले बरेचसे जिवाणू जणू झोपलेले असतात. अशा ठिकाणी मूळ आले आणि त्यातून साखर पाझरू लागली की हे जिवाणू जागे होतात, खातात आणि भराभर वाढतात. गुळाचा खडा पडला की मुंग्या जमतात ना, तसेच हे आहे. म्हणून मुळाला चिकटलेल्या मातीत जिवाणूंची संख्या बाजूच्या मातीपेक्षा कित्येकदा दहापट, तर कधी त्याहूनही अधिक असते.

ही गोष्ट सर्वप्रथम नीट मांडली ती जर्मनीचे शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी. मुळाच्या प्रभावाखाली असलेल्या मातीला त्यांनी १९०४ मध्ये 'ऱ्हायझोस्फिअर' असे नाव दिले. आपण त्याला 'मूळपरिसर' म्हणू. हा परिसर फार मोठा नसतो. मुळापासून काही मिलिमीटर अंतरापर्यंतच तो असतो. पण पिकाचे आरोग्य बरेचसे या काही मिलिमीटरवर अवलंबून असते.

गुळाच्या खड्याशी मुळाची तुलना केली खरी, पण दोघांत एक मोठा फरक आहे. गुळाला कोणतीही मुंगी चालते. मुळाचे तसे नाही. मुळांतून येणारे काही पदार्थ ठरावीक जिवाणूंनाच पचतात. काही पदार्थांमुळे विशिष्ट जिवाणूंची वाढ थांबते, तर काही पदार्थ विशिष्ट सूक्ष्मजीवांना दिलेल्या हाकेसारखे काम करतात. प्रत्येक पिकाचे पदार्थ वेगळे असतात; म्हणून प्रत्येक पिकाच्या मुळांभोवती जमणारे सूक्ष्मजीवही वेगळे असतात. एकाच शेतात एका बाजूला हरभरा आणि दुसऱ्या बाजूला गहू पेरला, तर माती एकच असूनही दोघांच्या मुळांभोवतीची जिवाणूंची वस्ती सारखी नसते. झाड विचार करून हे करत नाही. पण हजारो पिढ्यांत ज्या झाडांना मातीतून चांगले सोबती मिळाले, ती टिकली. त्यांचे हे गुण आजच्या पिकांत आले आहेत.

मुळाच्या हाकेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कडधान्यांचे आहे. मूग, उडीद, हरभरा, तूर, तसेच भुईमूग आणि सोयाबीन यांच्या मुळांवर लहान लहान गाठी असतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन म्हणजे नत्र असतो. पण कोणत्याही झाडाला तो हवेतून थेट घेता येत नाही. या गाठींमधील रायझोबियम गटाचे जिवाणू तो घेऊ शकतात आणि झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात बदलतात. गाठी आणि नत्र यांचा हा संबंध १८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवून दिला. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढले. भारतात एन. व्ही. जोशी यांनी या जिवाणूंवरचा आपला अभ्यास १९२० मध्ये प्रसिद्ध केला.

पण जमिनीतल्या असंख्य जिवाणूंमधून नेमके हेच जिवाणू मुळाशी कसे येतात? त्याचे उत्तर मिळायला आणखी बरीच वर्षे लागली. १९८६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांना लसूणघासात ल्यूटिओलिन नावाचा पदार्थ सापडला. त्याची चाहूल लागताच लसूणघासाचे रायझोबियम जिवाणू कामाला लागतात. ते स्वतःचा एक पदार्थ बाहेर सोडून जणू उत्तर देतात. ते उत्तर मिळाले की मुळावरचा बारीक केस, म्हणजे मूलरोम, वाकतो आणि जिवाणूंना आत घेतो. मग तेथे गाठ तयार होते. झाड जिवाणूला साखर देते, जिवाणू झाडाला नत्र देतो. अशी ही देवाणघेवाण असते.

प्रत्येक पिकाची हाक वेगळी असते. हरभऱ्याच्या हाकेला सोयाबीनचे जिवाणू उत्तर देत नाहीत. म्हणूनच दुकानात मिळणाऱ्या जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर पिकाचे नाव लिहिलेले असते. हरभऱ्याला सोयाबीनचे संवर्धक लावले, तर पैसे खर्च होतील, पण गाठी येणार नाहीत. शेतकरी गुळाच्या पाण्यात संवर्धक कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरतात. उन्हात सुकवले तर जिवाणू मरतात. मूळपरिसराला नाव देणारे हिल्टनर यांनी आपले सहकारी नोब्बे यांच्याबरोबर १८९० च्या दशकातच अशा प्रकारचे 'नायट्राजिन' नावाचे संवर्धक तयार केले होते.

मुळे आजारपणातही हाक मारतात. मोहरीच्या कुळातील एका छोट्या वनस्पतीवर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. त्यांनी तिच्या पानांना रोग लावला. रोग पानांवर होता. पण तिच्या मुळांतून मॅलिक आम्ल जास्त प्रमाणात बाहेर पडू लागले. त्या आम्लाने बॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू मुळांशी गोळा झाले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हरभऱ्याच्या आंबेतले मॅलिक आम्ल तुम्हाला आठवत असेलच. आपल्या जिभेला जे आंबट लागते, तेच या जिवाणूंना आमंत्रणासारखे वाटते.

मात्र हाक मारण्यात एक धोकाही असतो. हाक मित्राला मारली, तरी ती शत्रूच्या कानावर पडू शकते. ज्वारीच्या शेतात टारफुला नावाचे तण उगवते, ते याचे उत्तम उदाहरण आहे. टारफुला इतर तणांसारखे स्वतःच्या मुळांवर जगत नाही. तो ज्वारीच्या मुळांत शिरतो आणि तिचे अन्नपाणी शोषतो. त्यामुळे ज्वारी खुजी राहते आणि कणसे नीट भरत नाहीत. टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते आणि ते जमिनीत कित्येक वर्षे तसेच पडून राहते. पण ज्वारीचे मूळ जवळ आले की ते उगवते. मूळ जवळ आले, हे त्या बीला कसे कळते?

१९६६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी टारफुल्याच्या जातीच्या तणाचे बी उगवायला लावणारा पदार्थ शोधून काढला. नवल म्हणजे, तो त्यांना कापसाच्या मुळांतून मिळाला. पुढे असेच पदार्थ अनेक पिकांच्या मुळांत सापडले. त्यांना स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. पण आपल्याच शत्रूला जागे करणारा पदार्थ पिके का सोडत असतील? हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षांनी, २००५ मध्ये, जपानमधील शास्त्रज्ञांनी सोडवले. जमिनीत मायकोरायझा नावाची एक उपकारक बुरशी असते. तिचे धागे मुळांत शिरतात आणि दूरवरच्या मातीतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, झाडाला आणून देतात. स्ट्रायगोलॅक्टोन ही खरे तर या बुरशीला मारलेली हाक असते. टारफुला ती चोरून ऐकतो.

जमिनीत स्फुरद कमी असला की पीक ही हाक अधिक जोराने मारते. म्हणून टारफुल्याचा त्रास हलक्या, कस गेलेल्या जमिनीत जास्त होतो. यावर उपायही याच माहितीतून निघतो. कापसाच्या मुळांजवळ टारफुल्याचे बी फसते. ते उगवते, पण कापसाच्या मुळात त्याला आधार मिळत नाही आणि ते मरून जाते. ज्वारीनंतर त्या शेतात कापूस घेतला, तर जमिनीतले टारफुल्याचे बी काही प्रमाणात कमी होते.

आता तुरीकडे वळू. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आहे. तेथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तुरीविषयी एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. दख्खनच्या तांबड्या जमिनीत स्फुरद असतो, पण त्यातला बराचसा लोहाशी घट्ट बांधलेला असतो. तो बहुतेक पिकांच्या उपयोगी पडत नाही. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल नावाचा पदार्थ सोडतात. ते आम्ल लोहाला धरून ठेवते आणि स्फुरद मोकळा होतो. त्यामुळे जेथे ज्वारी उपाशी राहते, तेथे तूर तग धरते.

पण तुरीलाही शत्रू आहे. 'मर' या रोगाची बुरशी जमिनीत राहते आणि तुरीच्या मुळांतून झाडात शिरते. उभे झाड हळूहळू सुकते आणि शेवटी मरते. दरवर्षी त्याच शेतात तूर घेतली, तर या बुरशीला दरवर्षी आयते अन्न मिळते आणि ती वाढत जाते. तुरीबरोबर ज्वारीचे आंतरपीक घेतले किंवा तुरीनंतर ज्वारी घेतली, तर मर कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ज्वारी आणि तूर एकत्र पेरण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्या वाडवडिलांजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते. पण कोणत्या पिकाशेजारी कोणते पीक चांगले येते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठरवले होते.

या सगळ्यातून शेतकऱ्याला काय शिकता येईल? शेतकरी जेव्हा पीक निवडतो, तेव्हा तो नकळत जमिनीतले सूक्ष्मजीवही निवडतो. वर्षानुवर्षे एकच पीक घेतले, तर मातीला एकच हाक ऐकू येते आणि त्या पिकाचे शत्रू बहुधा साठत जातात. पिकांची फेरपालट केली, मध्ये एखादे कडधान्य घेतले, की हाक बदलते आणि मातीतली वस्तीही बदलते.

खतांचेही तसेच आहे. पोट भरलेले झाड फारशी हाक मारत नाही. कडधान्याला नत्राचे खत गरजेपेक्षा जास्त दिले, तर मुळांवर गाठी कमी येतात. झाडाला नत्र आयता मिळत असेल, तर ते जिवाणूंना साखर कशाला देईल? म्हणजे खते वाईट असतात, असे नाही. माती तपासून, गरजेपुरते खत द्यावे आणि त्याच्या जोडीला शेणखत किंवा कंपोस्ट घालावे. शेणखतामुळे मुळांच्या सोबत्यांनाही अन्न मिळते. संवर्धक लावले म्हणजे सगळे झाले, असेही समजू नये. बाहेरून आलेल्या जिवाणूंना आधीपासून मातीत असलेल्या जिवाणूंशी झगडावे लागते. जमीन कोरडी ठणठणीत किंवा पाण्याने तुंबलेली असेल, तर ते टिकत नाहीत.

मुलांनो, मूळपरिसर तुम्हाला स्वतः पाहता येईल. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी मुगाचे किंवा भुईमुगाचे एक झाड शेतमालकाच्या परवानगीने घ्या. ते ओढून उपटू नका. भोवतालची माती खुरप्याने सैल करून अलगद काढा. झाड हळूच झटका. काही माती गळून पडेल, पण काही माती मुळांना चिकटून राहील. ती चिकटलेली माती म्हणजेच मूळपरिसर. आता मुळे पाण्याच्या भांड्यात धुवा. मुळांवर गाठी दिसतील. मोठ्या माणसांच्या मदतीने एक गाठ ब्लेडने कापा. ती आतून गुलाबी किंवा लालसर असेल, तर जिवाणू नत्र तयार करत आहेत असे समजा. ती आतून पांढरी किंवा हिरवट असेल, तर तेथे काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे.

'जमीन' हा शब्द उर्दूत आणि मराठीत सारखाच आहे. दोन्ही भाषांतले शेतकरी जमिनीला जिवंत मानतात. ते म्हणणे किती खरे आहे, हे मुळांच्या अभ्यासावरून कळते. बी पेरल्यावर आपण कोंब वर येण्याची वाट पाहतो. पण कोंब वर येण्याआधीच बीमधून पहिले मूळ खाली गेलेले असते आणि मातीत त्याची पहिली हाक पोचलेली असते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हरभऱ्याच्या आंबेत मुख्यतः कोणती आम्ले असतात?
(आ) 'ऱ्हायझोस्फिअर' हे नाव कोणी व केव्हा दिले?
(इ) मायकोरायझा बुरशी झाडाला काय आणून देते?

२. कारणे लिहा.
(अ) हरभऱ्याच्या बियाण्याला सोयाबीनचे संवर्धक लावून उपयोग होत नाही.
(आ) टारफुल्याचे बी कापसाच्या शेतात उगवूनही मरते.

३. 'शेतकरी पीक निवडतो, तेव्हा तो जमिनीतले सूक्ष्मजीवही निवडतो.' हे वाक्य पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

४. तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्याला भेटा. गेल्या तीन वर्षांत त्यांनी एकाच शेतात कोणकोणती पिके घेतली, ते विचारा आणि आठ-दहा ओळींत लिहा.